पेव: वाक्प्रचारात उरलेले कोठार

कोचिंग क्लासचे पेव फुटले, मोबाइलच्या दुकानांचे पेव फुटले, असे आपण सर्रास लिहितो. पेव प्रत्यक्ष पाहिलेली माणसे मात्र आता शोधावी लागतात.

पेव म्हणजे काय

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे, आत पोट सुटलेले. कणगी विणलेली, शेणामातीने लिंपलेली, घरात उभी असते. बळद घराच्या बांधणीतच असते. पेव मात्र जमिनीखाली, आणि वर माती लोटली की दिसतही नाही. लुटालुटीच्या काळात हा गुण लहानसहान नव्हता.

जागा पाण्याला न पाझरणारी, उंचवट्याची निवडायची. तळाला आणि कडेने कडब्याचे, गवताचे अस्तर द्यायचे. मग ज्वारी ओतायची, वर पुन्हा गवत, त्यावर दगडी झाकण, आणि फटी चिखलाने लिंपून टाकायच्या. चांगले भरलेले पेव दुष्काळाच्या वर्षापर्यंत निर्धास्तपणे थांबू शके.

आतली हवा

टिकण्याचे कारण त्या लिंपण्यात आहे. साठवलेले धान्यही श्वासोच्छ्वास करते, त्यातले किडेही करतात. बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड आपोआप मरते. औषध नाही, पावडर नाही. हल्लीच्या हवाबंद साठवणीच्या पिशव्यांचे तत्त्व हेच.

पण जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो. पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस भोवळ येऊन पडतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. म्हणून जाणती माणसे पेव आधी बराच वेळ उघडे ठेवत आणि पेटता दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला की उतरायचे नाही.

आणखी एक उणीव होती. कडेचे दाणे ओलीने काळपट पडत, त्यांना कुबट वास येई. अशा दाण्याची उगवणही बिघडते, त्यामुळे बियाण्यासाठी पेवावर भिस्त ठेवून चालत नसे.

शब्द कुठला

शेजारच्या कन्नडमध्ये याच साठवणीला ‘हगेवु’ म्हणतात. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला, हे सर्वमान्य आहे. दुधाचा ‘पालु’ तसाच ‘हालु’ झाला. त्या हिशेबाने हगेवुचे जुने रूप ‘प’ने सुरू होणारे धरले, तर ते पेवाच्या फारच जवळ येते. हे दोन्ही शब्द एकाच घरातले असावेत, असे मला वाटते. ज्वारीचा पट्टाही दोन्ही भाषांना सामाईकच आहे. सोलापूरची सीमा ओलांडली म्हणून भाकरी बदलत नाही, मग तिच्या कोठाराचे नाव तरी किती बदलेल?

फुटणे म्हणजे काय

भरलेले पेव उघडणे म्हणजे पेव फोडणे. इतके दिवस डोळ्यांआड असलेला साठा एकदम, ढिगाने बाहेर येतो. ‘पेव फुटणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट होणे, हा अर्थ इथूनच आला असणार. गंमत अशी की टंचाईत पेव उघडणे ही आनंदाची गोष्ट, तर वाक्प्रचार मात्र तक्रारीचाच. चांगल्या पुस्तकांचे पेव फुटले, असे कुणी लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही.

हळदीची पेवे

ज्वारीची पेवे बुजली, तरी सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे पुढेही चालू राहिली. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव. इथल्या मातीत पाणी सहसा आत झिरपत नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी हळद ठेवायला हीच जमीन पसंत केली. पेवातल्या हळदीला कीड लागत नाही आणि रंगही टिकतो, असा तिथला अनुभव. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या साठवणीचाही बोलबाला झाला.

पण नदीकाठच्या जमिनीवर नदीचाही हक्क असतोच. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि बरीच पेवे निकामी झाली. त्यानंतर व्यापाऱ्यांचा ओढा गोदामे आणि शीतगृहे यांच्याकडे वाढला.