संगणकांचें जाळें



गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं माझा मुलगा आणि मी मोबाइलच्या पडद्यावर समोरासमोर बसून बोलत होतों. तो जर्मनींत नोकरीस आहे. बोलणें घरगुती होतें, पण गोड नव्हतें. गांवचें जुनें घर विकावें कीं ठेवावें, हा वाद होता. मी एक कठोर वाक्य बोललों आणि त्याच क्षणीं त्याचा चेहरा अर्धवट उघड्या ओठांनीं पडद्यावर थिजून राहिला. मग पडदा काळा झाला. मुलानें बोलणें तोडलें असा मीं अर्थ घेतला आणि अकरा दिवस मोबाइल हातीं धरला नाहीं. बाराव्या दिवशीं पाहतों तों त्याच रात्रीं त्यानें लिहिलेलें लांबलचक पत्र ई-मेलनें येऊन पडलें होतें. त्यांत एक काना किंवा मात्राहि गळलेली नव्हती.

चेहरा वाटेंत हरवला आणि पत्र मात्र अक्षरन् अक्षर पोंचलें, हें एकाच वाटेवर कसें घडावें? ह्या प्रश्नानें मला म्हातारपणीं पुन्हां विद्यार्थी केलें. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. जन्मभर मुलांना गणित शिकविलें. शेजारचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी ह्या कामीं माझा गुरु झाला. त्याच्यापाशीं बसून जें उमगलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आपल्यापैकीं अनेकांनीं पूर्वीं ट्रंक कॉल लावले असतील. एक्स्चेंजमधील ऑपरेटर मुंबईपासून नागपुरापर्यंत एक सलग वाट जोडून देई. बोलणें चालूं असेपर्यंत ती वाट आपली एकट्याची. आपण दोघेहि गप्प बसलों तरी ती दुसऱ्यास मिळत नसे, आणि मध्यें कोठें तुटली कीं कारभार आटोपला. संगणकांच्या जाळ्यांत अशी राखीव वाट मुळीं नसतेच. माझी सगळी चूक येथें होती. मी अजून ट्रंक कॉलच्या जगांत वावरत होतों, आणि म्हणून वाट तुटली ती कोणीतरी तोडली, असें मला वाटलें.

मग असतें काय? निरोपाचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालावयाचा आणि एकेक तुकडा सुटा सोडून द्यावयाचा. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस ह्या दोघांना ही कल्पना परस्परांच्या नकळत सुचली. अणुयुद्धांत कांहीं केंद्रें उद्ध्वस्त झालीं तरी उरलेल्यांचा संपर्क कसा टिकावा, ही बॅरनची चिंता. तर एक महागडा संगणक अनेकांनीं वांटून कसा वापरावा, हा डेव्हिसचा प्रश्न. तुकड्याला ‘पॅकेट’ हें नांव डेव्हिसनें दिलें. आपण त्याला पुडकें म्हणूं. एका पुडक्यांत बहुधा १,५०० बाइट मावतात. देवनागरीचें एकेक चिन्ह, मग तें अक्षर असो कीं वेलांटी, सामान्यतः ३ बाइट जागा घेतें. पत्त्याची वगैरे जागा वजा जातां एका पुडक्यांत पांचशेंहून थोडीं कमीच चिन्हें बसतात. तेव्हां माझ्या मुलाचें पत्र अनेक पुडक्यांतून आलें असलें पाहिजे.

हीं पुडकीं पुढें सारणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. त्याच्या कामाचा नमुना पाहावयाचा तर मुंबईचा डबेवाला पाहावा. उपनगरांत घरोघर डबे गोळा करणारा इसम प्रत्येक कचेरीपर्यंत जात नाहीं. झांकणावरील खूण वाचून तो डबा पुढच्या हातांत देतो. राउटरहि तसेंच करतो. संपूर्ण मार्ग त्याला ठाऊक नसतो. ह्या पत्त्याचें पुडकें आपल्या कोणत्या शेजाऱ्याच्या हवालीं करावें, एवढेंच त्याला कळतें. एखादें पुडकें वाट चुकून गोल गोल फिरत राहूं नये म्हणून त्यावर एक आंकडा घातलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकानें कमी करतो. शून्य झाला कीं पुडकें टाकून देण्यांत येतें.

येथें मात्र डबेवाल्याची उपमा संपते. डबेवाला डबा हरवीत नाहीं. राउटरपाशीं गर्दी होऊन जागा उरली नाहीं, तर तो जास्तीचीं पुडकीं सरळ फेंकून देतो, आणि बहुधा कोणास कळवीतहि नाहीं! शाळेच्या शिपायानें टपालाचें असें केलें असतें तर त्याची नोकरी राहिली नसती. पण जाळ्याचा कायदाच असा आहे. मधल्यांनीं यथाशक्ति पुढें ढकलावें. सारें पोंचलें कीं नाहीं, ही काळजी दोन टोंकांनीं वाहावी.

ही काळजी वाहण्याच्या एका रीतीस टीसीपी म्हणतात. पाठविणारा पुडक्यांतील मजकुरावर क्रमांक घालतो आणि त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवतो. घेणारा पोंच देतो. ठराविक वेळांत पोंच आली नाहीं तर तोच मजकूर पुन्हां पाठविण्यांत येतो. पुडकीं मागेंपुढें आलीं तरी क्रमांक पाहून तीं जुळवितां येतात. पत्र अखंड पोंचलें तें ह्यामुळें. उलट, समोरासमोरच्या संभाषणांत हरवलेला तुकडा दोन सेकंदांनीं पुन्हां आणून काय उपयोग? तोंवर बोलणें पुढें गेलेलें असतें. म्हणून तेथें बहुधा यूडीपी नांवाची दुसरी रीत वापरतात. तींत गेलें तें गेलें. थोडें गेलें तर आवाज खरखरतो, फार गेलें तर चेहरा थिजतो.

ह्या जाळ्याचा आरंभहि अर्धवट तुटलेल्या निरोपानेंच झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेंतील संगणकाकडे ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठवावयाचा होता. एल आणि ओ हीं दोन अक्षरें गेलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. सुमारें तासाभरानें काम साधलें. पुढें व्हिंट सर्फ आणि बॉब कान ह्यांनीं १९७४ सालीं टीसीपीची रूपरेषा प्रसिद्ध केली आणि १ जानेवारी १९८३ पासून तें मूळचें अमेरिकन जाळें नव्या नियमांवर चालूं लागलें. आपल्याकडे सामान्य नागरिकांस हें दार उघडलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं.

पत्त्यांविषयीं दोन शब्द सांगतों. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे ० ते २५५ पर्यंतचे चार आंकडे. असे पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या आसपास होतात आणि तेवढे जगास पुरत नाहींत. म्हणून अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धत आली आहे. जुन्या पद्धतींत वाड्याच्या एका पत्त्यावर अनेक बिऱ्हाडांचें टपाल यावें, तसें घरांतील सर्व यंत्रांचें टपाल बाहेरच्या एकाच पत्त्यावर येतें आणि घरचा राउटर तें आंत वांटतो. आपण आंकडे न लिहितां नांवें लिहितों. नांवावरून आंकडा शोधून देणारी निराळी व्यवस्था १९८३ पासून आहे.

समुद्रतळच्या तारांतून, म्हणजे कांचेच्या केसाएवढ्या तंतूंतून, प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. दहा हजार किलोमीटरांची वाट तो सेकंदाच्या विसाव्या हिश्शांत तोडतो. ३० जानेवारी २००८ रोजीं अलेक्झांड्रियाजवळ अशा तारा तुटल्या. भारतांतील व्यवहार फार मंदावला, परंतु सर्वस्वीं थांबला नाहीं. पुष्कळशीं पुडकीं दुसऱ्या वाटांनीं वळविण्यांत आलीं.

तेव्हां माझीं पुडकीं अशाच कोणत्या तरी समुद्रांत बुडालीं असावींत, अशी मीं कल्पना केली. गुरुजी हंसले. घरांतील वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, ही समजूत जशी खोटी, तशी बिघाड नेहमीं दूरच असतो ही समजूतहि खोटी, असें ते म्हणाले. वाय-फाय हा केवळ घरांतला, हवेंतून जाणारा टप्पा. त्यांनीं माझ्या खुर्चींत बसून घरच्याच राउटरकडे शंभर लहान पुडकीं पाठविलीं आणि परत किती आलीं तें मोजलें. एकूणसत्तर आलीं. मग राउटरशेजारीं उभें राहून जर्मनीकडे शंभर पाठविलीं. सगळीं परत आलीं. राउटर आम्हीं लोखंडी कपाटामागें ठेवला होता, धूळ बसूं नये म्हणून. लोखंडांतून रेडिओच्या लहरी पार जात नाहींत, हें विज्ञानाच्या तासाला मीं स्वतः मुलांना सांगितलें होतें.

राउटर बाहेर आणून फळीवर ठेवला आणि त्याच संध्याकाळीं मुलास बोलावलें. अकरा दिवसांची हकीकत आणि कपाटाची हकीकत दोन्ही सांगितल्या. घराचा वाद अजून मिटावयाचाच आहे. माझें सांगून झाल्यावर पलीकडून कांहीं क्षण कांहींच ऐकूं आलें नाहीं. चेहरा स्थिर होता. पुडकीं हरवलीं कीं तो गप्प होता, हें मला कळेना. ह्या वेळीं मी थांबलों. मग त्यानें चष्मा काढून पुसला, आणि तो चष्मा पुसतांना मला स्पष्ट दिसला.