जपानात साडेअकरा, मौद्यात आठ

मौद्याच्या बसस्टॉपजवळ सकाळी आठला तर्री-पोह्यांची प्लेट हातात पडते, तेव्हा जपानात साडेअकरा वाजलेले असतात आणि दुपारच्या भाताची वेळ होत आलेली असते. कुठं मौदा, कुठं जपान! पण मौद्याच्या नागपूर जिल्ह्याला जपान काही परका नाही. शेजारच्या कामठीतलं ड्रॅगन पॅलेस टेंपल १९९९ साली उभं राहिलं ते नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या दानातून. बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाई मूळचे जपानचे. १९६०च्या दशकात आले आणि नागपूरकरच होऊन गेले. तेव्हा सोयऱ्यांची करतो तशी थोडी तुलना करायला हरकत नाही. मौद्यात पिकतं काय? धान आणि वीज. मग तराजूही तोच घेऊ.

आधी वीज. एनटीपीसीचा मौदा प्रकल्प २,३२० मेगावॅटचा: पाचशेचे दोन संच, सहाशे साठचे दोन. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, जपानातली १०० व्होल्टची. तिकडच्या घरांसाठी बनलेला भातकुकर इथल्या बोर्डात थेट लावलात तर भात राहील बाजूला, धूर निघेल.

पण खरी गंमत निराळीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला टोकियोनं जनित्रं घेतली जर्मनीची, ५० हर्ट्झची. ओसाकानं अमेरिकेची, ६० हर्ट्झची. सव्वाशे वर्षं उलटली, तरी त्या घरात अजून दोन चुली! मार्च २०११च्या त्सुनामीनंतर फुकुशिमाचं अणुवीज केंद्र बंद पडलं, टोकियोच्या परिसरात चक्क भारनियमन करावं लागलं. पश्चिम जपानात, ओसाकाकडे, वीज होती, पण दोन्हीकडच्या वेगवेगळ्या हर्ट्झच्या जाळ्यांना सांधणाऱ्या केंद्रांतून जेमतेम हजार-बाराशे मेगावॅट पलीकडे जाऊ शकत होती. म्हणजे आपल्या मौद्याच्या निम्मी. आपण मात्र ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडून अख्ख्या देशाची चूल एक केली.

एवढ्यावर कॉलर ताठ करू नका. एरवी जपानी घरातली वीज वर्षाकाठी सरासरी काही मिनिटंच जाते. आपल्याकडे वादळी पावसात ‘लाइन गेली’ म्हटल्यावर मिनिटं कोण मोजतं?

उन्हाचं म्हणाल तर आम्हीच पुढं. ऑगस्ट २०२५मध्ये जपानातल्या इसेसाकीत पारा ४१.८ अंशांवर गेला आणि देशाचा विक्रम मोडला. नागपूरनं २३ मे २०१३ला ४७.९ पाहिलंय, बेचाळीसला आमच्याकडे लग्नाच्या वराती निघतात. मात्र तिकडचा उन्हाळा दमट. ओल्या ताट्यांचा कूलर गार वारा देतो तो हवा कोरडी असते म्हणून. जपानच्या घामट हवेत आपला लाडका कूलर नुसता ओला वारा फेकेल.

आता धान. मौदा तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं ही गोष्ट ऐकली तर बांधावर बसून घेईल. मे २०२५मध्ये जपानी सुपरमार्केटात पाच किलो तांदूळ सुमारे ४,२०० येनला झाला होता, तेव्हाच्या दरानं अडीच हजार रुपये. किलोला पाचशे! वर्षभरात भाव दुपटीला गेला. आपल्याकडे २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. धान आणि तांदूळ एक नव्हे, भरडाईत तूट येते. तरी फरक पाहा. ही पाळी आली कशी? जपाननं जवळपास अर्धशतक शेतकऱ्यांना धान कमी लावायला पैसे दिले होते, वर २०२३च्या उन्हानं पीक मारलं. अशात शेतीमंत्री ताकु एतो सभेत बोलून गेले की, मी तांदूळ कधी विकत घेत नाही, समर्थक इतका देतात की घरात विकण्याइतका साठलाय. दोन-तीन दिवसांत राजीनामा! निवडणूक नाही, घोटाळा नाही; तांदळानं मंत्री खाल्ला.

घरांचा हिशोबही उलटा. आपल्याकडे भावकीत भिंतीवरून कोर्टकचेरी. जपानात २०२३च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी सापडली. कारण माणसंच म्हातारी. सरासरी आयुष्य तिकडे ८४च्या आसपास, आपलं ७२च्या. १९६३ साली जपानात शंभरी गाठलेले होते अवघे १५३ जण. त्यांना सरकारनं चांदीचा प्याला भेट दिला, साके पिण्याचा, म्हणजे तांदळाच्याच दारूचा. २०२४पर्यंत शतायुषी झाले ९५ हजारांवर, त्यात शंभरातल्या ८८ बाया. एवढी चांदी आणायची कुठून? २०१६पासून प्याल्याला नुसता चांदीचा मुलामा.

मौद्याची आजी असती तर तिनं आधी प्याला तळहातावर तोलून पाहिला असता.