अर्जातली दहा नावं

डोकं फिरल्याशिवाय कोणी पोलिसांच्या काठीपुढे उभं राहत नाही, असं घरी बसलेल्यांना नेहमीच वाटत आलं आहे. १८९५ मध्ये गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने तर गर्दीत शिरलेल्या माणसाची विवेकबुद्धीच नाहीशी होते, असं सांगून टाकलं. हा निकाल सोयीचा होता, विशेषतः राज्यकर्त्यांच्या. पण अमेरिकेतल्या एका कपाटातून बाहेर आलेले कागद वेगळंच सांगतात.

१९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करायला स्वयंसेवक हवे होते. अर्ज केले ते प्रामुख्याने उत्तरेकडच्या, खात्यापित्या घरच्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी. खर्च स्वतःचा, जामिनाच्या पैशांची तजवीजही स्वतःचीच. ओहायोत प्रशिक्षण सुरू असतानाच २१ जूनला तीन कार्यकर्ते मिसिसिपीत बेपत्ता झाले. त्यांच्यातला अँड्र्यू गुडमन काही दिवसांपूर्वी याच प्रशिक्षणात बसला होता. तिघांचे मृतदेह ऑगस्टमध्ये एका मातीच्या बांधाखाली सापडले.

सुमारे हजार अर्जदारांपैकी जवळपास चौथाई गेलेच नाहीत. ते का गळाले? समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांना पुढे अटलांटात ते मूळ अर्ज सापडले. तत्त्वनिष्ठा, आवेश, अन्यायाची चीड यांत गेलेले आणि न गेलेले अगदी तोडीस तोड होते. फरक दिसला तो एका साध्या रकान्यात. ‘तुमच्या कामाची खबर कोणाला कळवावी?’ असं विचारून किमान दहा नावं मागितली होती. प्रत्यक्ष गेलेल्यांच्या यादीत मिसिसिपीला निघालेल्या इतरांची नावं जास्त होती. शिवाय ते आधीपासून संघटनांमध्ये होते, लहानसहान आंदोलनांत भाग घेतलेले होते. मित्र निघाला असताना आपण मागे राहणं जड जातं. चारचौघांत दिलेला शब्द तर फारच जड.

ग्रीन्सबरो या अमेरिकन शहरातही तेच दिसतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी वूलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर जाऊन बसलेले चौघं कृष्णवर्णीय विद्यार्थी एकाच कॉलेजचे मित्र होते. वसतिगृहात रात्र रात्र चर्चा करून, एकमेकांना डिवचून त्यांनी तो बेत पक्का केला होता.

मैत्रीला जोड होती तालमीची, आणि तिचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो. कोरियन युद्धासाठी सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगवास भोगलेले जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांच्या बस-बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वाचली. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. काही जण गुंड व्हायचे. शिव्या द्यायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे. बाकीच्यांनी हात न उचलता सोसायचं. २७ फेब्रुवारी १९६० ला हे विद्यार्थी नॅशव्हिलमधल्या अशाच काउंटरवर बसले असताना खरोखरचे हल्लेखोर आले. मग पोलिसांनी पकडलं ते विद्यार्थ्यांनाच. एक तुकडी गाडीत चढवली की रिकाम्या खुर्च्यांवर दुसरी येऊन बसे. गर्दीने विवेक गमावल्याची ही लक्षणं नव्हेत.

म्हणजे तळमळ बिनकामाची, असं नाही. ती नसेल तर कोणी अर्जच करणार नाही. पण नुसत्या तळमळीने किती माणसं घराबाहेर पडतात? नेदरलँड्समध्ये १९८३ साली क्षेपणास्त्रविरोधी मोर्चापूर्वी बर्ट क्लांडरमन्स यांनी एका गावात पाहणी केली. मोर्चा पटलेले तीन चतुर्थांश होते. प्रत्यक्ष गेले शंभरात चार.

हे गणित फक्त न्याय्य लढ्यांपुरतंच चालतं असं मात्र समजू नये. भावाच्या, शेजाऱ्याच्या शब्दाखातर माणसं कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या बैठकांनाही जात.

दोन दशकांनी मॅकअ‍ॅडम यांनी जुन्या अर्जदारांना पुन्हा गाठलं. मिसिसिपीला गेलेले अजूनही चळवळींत अधिक सक्रिय होते. मात्र न गेलेल्यांच्या तुलनेत त्यांची कमाई कमी होती आणि लग्न होऊन संसारात असलेलेही त्यांच्यात कमी होते.