निद्रेतील श्वासरोध : स्वरूप, निदान आणि उपचार

मराठीत ‘घोरत पडणे’ हा वाक्प्रचार निश्चिंत व गाढ झोपेसाठी योजला जातो. अंथरुणावर आडवा होताच जो घोरू लागतो, त्याला झोपेचे सुख लाभले आहे असे घरातील मंडळी समजतात आणि कुंभकर्णाचे नाव त्याला थट्टेने चिकटते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र घोरणे हे श्वासमार्ग अरुंद झाल्याचे चिन्ह होय. हवा मोकळेपणाने वाहत असता आवाज होत नाही. अरुंद वाटेतून ती ओढली जाऊ लागली म्हणजे मृदू टाळू व पडजीभ थरथरतात आणि तो आवाज उमटतो. घोरणारी प्रत्येक व्यक्ती रोगी असते असे मुळीच नाही. परंतु घोरणे मध्येच थांबून काही क्षण पूर्ण शांतता पसरावी, नंतर गुदमरल्यासारखा एक जोराचा श्वास घेऊन पुन्हा घोरणे सुरू व्हावे, आणि हा क्रम रात्रभर चालावा, असे जेथे आढळते तेथे एका गंभीर विकाराची शंका घेणे प्राप्त होते. ह्या विकारास निद्रेतील श्वासरोध असे म्हणता येईल. ‘स्लीप ॲप्निया’ हे त्याचे रूढ वैद्यकीय नाव असून त्यातील दुसरा शब्द श्वासाचा अभाव ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे.

ह्या विकाराचे वैशिष्ट्य असे की, ज्याला तो जडला आहे त्यालाच त्याची वार्ता नसते. श्वास अडतो तेव्हा तो झोपेत असतो, आणि वैद्याकडे जातो तेव्हा तो जागा असतो. विकाराचे आकलन वैद्यकास उशिरा का झाले आणि आजही अनेक रुग्ण निदानाविना का राहतात, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बव्हंशी ह्या एका गोष्टीत सापडते.

श्वास का अडतो

छातीतील श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांमुळे उघडी राहते. नाकाच्या पोकळीभोवती हाडांची भिंत आहे. परंतु टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग असा आधार असलेला नाही. गिळणे, बोलणे आणि श्वास घेणे ही तिन्ही कामे ह्याच भागास करावी लागतात. म्हणून तो लवचिक आहे. श्वास आत घेताना घशात जी ओढ निर्माण होते तिच्यामुळे ह्या मऊ भिंती आत खेचल्या जातात. जागेपणी जिभेचे व घशाचे स्नायू त्यांस ताणून धरतात. झोप लागताच हे स्नायू सैल पडतात, आणि स्वप्ने ज्या अवस्थेत विशेषकरून पडतात त्या अवस्थेत ते अधिकच सैल होतात. मूळचाच घसा अरुंद असेल, त्याभोवती मेद साठला असेल, खालचा जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील, तर उताणे निजल्यावर जीभ मागे सरकून वाट बंद होते.

वाट बंद झाली तरी छाती व पोट श्वास घेण्याची धडपड करीतच असतात. रक्तातील प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि अखेर मेंदू काही क्षणांपुरता जागा होऊन घशाचे स्नायू ताणतो. वाट उघडते, प्राणवायू पूर्ववत होतो, झोप पुन्हा लागते व स्नायू पुन्हा सैल पडतात. ही जागृती इतकी अल्पकालीन असते की, सकाळी तिचे स्मरण राहत नाही. आठ तास झोप घेतली असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो. ती झोप असंख्य तुकड्यांत विभागली गेली होती, हे त्याला ठाऊक नसते.

प्रौढांमध्ये हवेचा प्रवाह निदान १० सेकंद थांबला तर तो एक श्वासरोध धरतात. प्रवाह पूर्ण न थांबता लक्षणीय घटला व त्यासह प्राणवायू कमी झाला किंवा झोप मोडली, तर तेही मोजले जाते. ह्या दोहोंची दर तासाची सरासरी ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० वा अधिक असल्यास तीव्र समजतात. तासास ३० ह्या प्रमाणाने सात तासांच्या झोपेत श्वास २१० वेळा अडतो, ह्यावरून तीव्र विकाराची कल्पना यावी.

आकलनाचा इतिहास

चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ ह्या १८३६–३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो कामे करता करता झोपी जातो व घोरू लागतो. १९५६ साली अमेरिकेतील सिडनी बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल व्यापारी गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याच्या रोगलक्षणांस पिकविकचेच नाव दिले. हा गृहस्थ पत्ते खेळत असता हाती तीन एक्के व दोन बादशहा आले, आणि नेमका त्याच वेळी त्याचा डोळा लागल्यामुळे तो डाव वाया गेला. ह्या प्रसंगानंतर त्याने रुग्णालय गाठले. दिवसा येणाऱ्या ह्या झोपेचे कारण रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड वायू हेच असावे, असा बर्वेल यांचा तर्क होता. अतिस्थूल व्यक्तींत श्वसन मंद होऊन हा वायू साठतो हे खरे आहे, आणि तो स्वतंत्र विकार आजही मानला जातो. परंतु झोपेच्या गुंगीचा उलगडा तेवढ्याने होत नव्हता.

उलगडा होण्यासाठी रुग्णास रात्री पाहणे आवश्यक होते. मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद करण्याचे साधन हान्स बर्गर यांनी १९२९ मध्येच जगापुढे ठेवले होते. १९६५ साली फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो, तास्सिनारी व द्युराँ यांनी, आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो यांनी, झोपलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या लहरी व श्वसन ह्यांच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या. तेव्हा दिसून आले की, रुग्ण झोपताच त्याचा श्वास अडतो आणि श्वास सुरू होण्यासाठी झोप मोडावी लागते. दिवसाच्या झोपेचे मूळ रात्रीच्या ह्या झगड्यात होते. पुढे स्टॅनफर्ड येथील गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ह्या विकारास त्याचे आजचे नाव दिले, आणि स्थूल नसलेल्यांनाही तो होतो हे स्पष्ट झाले.

लक्षणे व परिणाम

सकाळी उठल्यावर ताजेतवाने न वाटणे, डोके जड असणे, तोंडास कोरड पडणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, चिडचिड व विस्मरण ही नेहमी आढळणारी लक्षणे होत. स्त्रियांच्या बाबतीत थकवा व अपुरी झोप ह्याच तक्रारी पुष्कळदा पुढे येतात. त्यामुळे त्यांचे निदान हुकण्याचा संभव अधिक. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांतील ह्या विकाराचे प्रमाण वाढते. मुलांत टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी वाढल्याने हा विकार उद्भवतो. असे मूल दिवसा पेंगण्याऐवजी अस्थिर व अवधानशून्य दिसते, आणि द्वाड म्हणून बोलणी खाते.

विकार विरळा नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ३० ते ६० वर्षे वयाच्या नोकरवर्गाच्या पाहणीत, १९९३ च्या वृत्तान्तानुसार, तासास पाच वा अधिक श्वासरोध २४ टक्के पुरुषांत व ९ टक्के स्त्रियांत आढळले; त्यासह दिवसाची गुंगीही असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४ व २ टक्के होते. मुंबईत उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत हे प्रमाण अनुक्रमे १९.५ व ७.५ टक्के असल्याचा अंदाज दिला आहे. विकार केवळ पाश्चात्त्य देशांतला आहे ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

प्रत्येक श्वासरोधाच्या अखेरीस रक्तदाब उसळतो. ज्यांचा रक्तदाब अनेक औषधांनीही आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांत हा विकार वारंवार सापडतो. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता व पक्षाघात ह्यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. सर्वांत तातडीचा धोका मात्र रस्त्यावरचा होय. रात्रपाळीचा ट्रकचालक किंवा एस. टी. बसचा चालक क्षणभर पेंगला, तर त्याची किंमत त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

निदान

निदानाची पहिली पायरी शेजारी झोपणाऱ्याची साक्ष ही होय. पत्नी, पती किंवा घरातील अन्य कोणी ‘ह्यांचा श्वास मध्येच थांबतो’ असे सांगत असेल, तर त्या सांगण्यास वैद्याने व रुग्णाने सारखेच महत्त्व दिले पाहिजे. मोबाइलवर घेतलेले चित्रण वैद्यास दाखविल्यास उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ मापनश्रेणी दिवसाच्या गुंगीचा अंदाज देते. वाचन, प्रवास इत्यादी आठ प्रसंगी डोळा लागण्याचा संभव किती, हे रुग्णाने प्रत्येकी शून्य ते तीन गुणांनी सांगावयाचे असते. २४ पैकी बेरीज १० हून अधिक आल्यास गुंगी प्रमाणाबाहेर मानतात.

निर्णायक परीक्षा रात्रीच होते. बहुविध निद्रालेखनात मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटीचे स्नायू, हृदयाचे ठोके, नाकातील प्रवाह, छाती व पोटाची हालचाल आणि रक्तातील प्राणवायू ह्यांची एकत्र नोंद घेतात. विकाराची दाट शंका असून अन्य गुंतागुंत नसेल, तर मोजक्या नोंदी घेणारे लहान उपकरण लावून घरीही तपासणी करता येते.

उपचार

प्रारंभी उपाय एकच होता : गळ्याला छिद्र पाडून श्वासास निराळी वाट करून देणे. कुलो व सहकाऱ्यांनी त्याचे यश १९६९ मध्ये नोंदविले. उपाय गुणकारी होता, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत फार मोठी होती. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवरील एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकावर मुखवटा बसवून त्यांनी किंचित दाबाची हवा रात्रभर सोडली. हा दाब पाण्याच्या अवघ्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा होता. तेवढ्याने घशाच्या भिंती मिटेनाशा झाल्या. मोडक्या हाडास कामट्या बांधून आधार द्यावा, तसा आधार ही हवा घशास आतून देते. ‘सीपॅप’ ह्या नावाने परिचित असलेले हे यंत्र आज मध्यम व तीव्र विकारावरील मुख्य उपचार होय.

यंत्र विकार समूळ घालवीत नाही. ते लावलेले असेतोवरच काम करते. मुखवटा नीट न बसणे, नाक कोरडे पडणे, शेजाऱ्याच्या झोपमोडीचा संकोच अशा कारणांनी अनेकजण ते सोडून देतात. योग्य मापाचा मुखवटा व हवेत ओलावा आणणारी जोडणी ह्यांनी बऱ्याच अडचणी दूर होतात. यंत्राने दिवसाची गुंगी ओसरते व रक्तदाब काहीसा उतरतो. मात्र आधीच हृदयरोग वा पक्षाघात झालेल्यांवरील २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत पुढील झटके कमी झाल्याचे दिसले नाही. त्या चाचणीत यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच झाला होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

वजन घटविणे हा स्थूल व्यक्तींसाठी मूलगामी उपाय होय. विस्कॉन्सिनच्याच अभ्यासात वजनातील १० टक्के घटीबरोबर श्वासरोधांच्या संख्येत सुमारे २६ टक्के घट आढळली. टिर्झेपॅटाइड हे वजन उतरविणारे औषध स्थूल व्यक्तींतील मध्यम व तीव्र विकारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये संमत झाले. सौम्य विकारात कुशीवर निजणे किंवा खालचा जबडा पुढे धरणारी दंतपट्टी वापरणे पुरते. मुलांत बहुधा टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी काढणे हा पहिला उपाय असतो.

अन्य निद्राविकार

झोपेची प्रत्येक तक्रार श्वासरोधाची नसते. हृदय दुर्बल झालेल्या काही रुग्णांत वाट उघडी असूनही मेंदूकडून श्वासाची आज्ञाच सुटत नाही; हा केंद्रीय श्वासरोध निराळा. रात्री पायांत अस्वस्थता वाटून ते सतत हलवावेसे वाटणे हा एकबोम यांनी १९४५ मध्ये वर्णिलेला विकार असून, त्यात शरीरातील लोहाची तपासणी आवश्यक असते. निद्रानाशात झोपेची वेळ व संधी असूनही झोप लागत नाही. तेथे औषधापेक्षा सवयी व विचार बदलण्याच्या पद्धतशीर उपचारास अग्रक्रम दिला जातो : उठण्याची वेळ पक्की ठेवणे, झोप येत नसल्यास अंथरूण सोडणे, अंथरुणात घालविण्याचा काळ प्रत्यक्ष झोपेच्या बेताने आवरणे.

हा भेद करणे महत्त्वाचे आहे, कारण एकाचा उपाय दुसऱ्यास अपायकारक ठरू शकतो. ‘रात्री झोप मोडते’ एवढीच तक्रार सांगणारा श्वासरोधाचा रुग्ण झोपेची गोळी घेऊ लागला, किंवा झोप लागावी म्हणून मद्य घेऊ लागला, तर घशाचे स्नायू अधिक सैल पडू शकतात, आणि ज्या जागृतीमुळे त्याचा श्वास पुन्हा सुरू होतो ती लांबू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या वैद्यास ह्या विकाराची कल्पना देणे त्याच कारणास्तव आवश्यक आहे.

घोरणे ही झोपेच्या गाढपणाची खूण होय, ही समजूत म्हणून निरुपद्रवी मानता येत नाही. तिच्यामुळे विकाराचा एकमेव साक्षीदार, म्हणजे शेजारी जागा असलेला माणूस, आपली साक्ष थट्टेवारी नेतो. विकार मोजता येतो आणि त्यावर उपचारही आहेत. घोरण्यामधील ती शांतता ज्याने ऐकली, त्याने दुसऱ्या दिवशी ती झोपणाऱ्यास सांगावी, आणि त्या दोघांनी मिळून ती वैद्यास सांगावी. निदानाचा प्रारंभ तेथून होतो.