गांधीलमाश्यांची शांत राणी

बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कॅमेरा घेऊन जाताय? रात्री झाडांवर हिंडणारा लोरिस शोधालच, पण दिवसा खिडक्यांचे कोपरे आणि छज्ज्यांखालच्या जागाही बघा. तिथे गांधीलमाश्या दिसू शकतील!

रोपालिडिया मार्जिनाटा ही त्यांतली प्रसिद्ध जात. लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून या माश्या कागदासारखं उघडं पोळं बांधतात. इथले शास्त्रज्ञ राघवेंद्र गाडगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन, कोण काय करते याच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या.

त्यांना काय दिसलं? राणी अगदी शांत, कुणावर दादागिरी नाही. पण तिला पोळ्यावरून हलवलं, की काही मिनिटांतच एक कामकरी माशी भलतीच आक्रमक होते. राणी परत आली की ती निवळते. नाही आली, तर काही दिवसांत तीच अंडी घालू लागते आणि हळूहळू तीही शांत होते! राणीचा वचक चालतो गंधावर: पोट पोळ्यावर घासत ती आपलं रसायन पसरवते.

फोटोसाठी 100 मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स बरी, अंतर राखता येतं. पोळ्याला धक्का लावू नका, जोरात हालचाल नको. लोरिसवर फ्लॅश तर मुळीच नको. त्याचे मोठे डोळे अंधारासाठीच घडलेत.

ही गांधीलमाशी महाराष्ट्रातही आढळते. तुमच्याकडे पोळं दिसलं तर पाडण्याआधी फोटो टाका, मिळून ओळखू!

#गांधीलमाशी #निसर्गछायाचित्रण