उन्हाळ्यात फळणाऱ्या लिंबाचा शोध

श्रीगोंदा तालुक्यात लिंबाचा हिशेब बहारावर, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामावर चालतो. झाडाला साधारण ६० टक्के फुलं आंबिया बहारात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येतात. ३० टक्के मृगात आणि जेमतेम १० टक्के हस्तात. आंबियाची फळं पावसाळ्याच्या तोंडाशी एकदम निघतात आणि भाव बसतो. हस्ताची फळं ऐन एप्रिल-मेमध्ये, रसवंत्या आणि सरबताच्या गाड्या जोरात असताना तयार होतात, पण ती झाडावर असतात थोडी. म्हणून नव्या वाणाबद्दल इथल्या बागायतदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: उन्हाळ्यात माल किती देतो?

बहार काही प्रमाणात हस्ताकडे वळवता येतो. जूनमध्ये ५० पीपीएम जिबरेलिक आम्ल, सप्टेंबरमध्ये १००० पीपीएम सायकोसिल आणि ऑक्टोबरमध्ये एक टक्का पोटॅशियम नायट्रेट, अशी फवारण्यांची शिफारस आहे. पण फुलं निघायला झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि परतीचा पाऊस रेंगाळला की ताण बसतच नाही. उन्हाळी फळ झाडाच्या अंगातच असेल, तर हा खर्च आणि ही धाकधूक दोन्ही कमी होतात.

असं झाड घडवायचं कसं? तुलनेसाठी बटाटा घ्या. त्याच्या पैदासकाराला दोन वाणांचा संकर केला की एकाच फळातून शंभराहून जास्त बिया मिळू शकतात. प्रत्येक बीमधून वेगळ्या गुणांचं रोप उगवतं. त्यातलं चांगलं निवडायचं आणि त्याचा कंद लावत राहायचं.

कागदी लिंबाचं बी मात्र पैदासकाराला चकवतं. एका बीमध्ये अनेकदा एकाहून जास्त भ्रूण असतात. त्यातला एखादा परागीभवनातून आलेला, खरा संकरित. बाकीचे आईच्याच पेशींतून, बीजांडाच्या आतल्या भागातून तयार झालेले. म्हणजे थेट आईची नक्कल. या नकला जोमदार असतात आणि संकरित भ्रूणाला बहुधा मागे रेटतात. त्यामुळे मेहनतीने संकर करावा आणि रोपवाटिकेत उगवावी ती आईच, असं होतं. परागकण त्रिपर्णी संत्र्याचे वापरले, तर संकरित रोप तीन दलांच्या पानांवरून ओळखू येतं. इतर संकरांत आता डीएनए चाचणीचा आधार घेतात. लिंबाच्या वाणांत संकरापेक्षा निवडीचा वाटा मोठा राहिला आहे, त्याचं एक मुख्य कारण हे.

हीच अडचण शेतकऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते. ट्रिस्टेझा हा लिंबूवर्गीय झाडांचा विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जात नाही. त्यामुळे बियांपासून केलेलं रोप आईसारखं, तरीही सुरुवातीला विषाणूमुक्त मिळतं. पुढे काळा मावा रोग आणतो ती गोष्ट वेगळी. कागदी लिंबू या विषाणूला इतकं हळवं आहे की जगभर त्याचा परीक्षक म्हणून उपयोग झाला: संशयित झाडाचा डोळा लिंबाच्या रोपावर बांधायचा आणि नव्या पानांच्या शिरा फिकट पडतात का, ते उजेडात धरून पाहायचं. अशा पिकात सहनशील झाड सापडणं ही मोठी कमाई आहे.

दुसरा शत्रू खैऱ्या. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो आणि नागअळीने पोखरलेल्या पानांत सहज शिरतो. खैऱ्याचे खरबरीत ठिपके पडलेलं फळ रसाला कितीही चांगलं असलं तरी बाजारात मागे पडतं. म्हणून निवडलेल्या झाडांच्या पानांना सुईने टोचून, जिवाणू सोडून मुद्दाम रोग घडवतात आणि चट्टे मोजतात. जोडीला फळाचं वजन, सालीची जाडी, बियांची संख्या, रसाचं प्रमाण आणि आम्लता पाहतात. यातलं बरंचसं प्रयोगशाळेत होतं. बहारनिहाय उत्पादन कळायला मात्र झाड फळावर यावं लागतं, त्यात तीन-चार वर्षं जातात, आणि एका वर्षाच्या मालावर निकाल देता येत नाही. बटाट्याचं पीक तीन-चार महिन्यांत हाती येतं. लिंबाच्या परीक्षेला घाई चालत नाही.

श्रीगोंद्याच्याच जिल्ह्यात राहुरीला असलेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई सरबती' आणि 'फुले सरबती' हे वाण दिले. पातळ सालीचा, रसाळ आणि खैऱ्या व ट्रिस्टेझाला सहनशील अशी साई सरबतीची ओळख आहे. परभणीच्या विद्यापीठाचे 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' घोसाने फळणारे. सहनशील याचा अर्थ रोग येतच नाही असा नव्हे. रोग आला तरी झाड तग धरतं आणि माल देत राहतं, इतकाच.

या साऱ्या मेहनतीवर पाणी पडतं ते रोप घेताना. बी कुठल्या झाडाचं हे न विचारता स्वस्त रोपं उचलली, तर चूक कळते ती तीन-चार वर्षांनी, बाग फळावर आल्यावर. म्हणून रोपं विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि मातृवृक्ष कोणता ते विचारावं. आपल्या बागेत एखादं झाड दरवर्षी मे महिन्यात शेजारच्या झाडांपेक्षा जास्त फळत असेल, तर त्याला खूण करावी, दोन-तीन वर्षं प्रत्येक बहाराचा माल वेगळा मोजून लिहून ठेवावा आणि ती वही घेऊन राहुरी गाठावी.