वृषणातील प्रतिरक्षा

वृषणातील प्रतिरक्षा : स्वकीय व परकीय यांतील भेद ओळखण्याचे शिक्षण प्रतिरक्षा तंत्राला मुख्यत्वे जन्माच्या सुमारास यौवनलोपी ग्रंथीत मिळते. शुक्राणू मात्र वयात आल्यावरच तयार होऊ लागतात आणि त्यांच्यावरील कित्येक प्रथिने इतर कोणत्याही ऊतकात नसतात. त्यामुळे ते स्वतःच्याच शरीरात परके ठरू शकतात. लँडस्टायनर व मेचनिकॉव्ह यांनी १८९९ मध्ये, प्राण्यांना शुक्राणू टोचले असता त्यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, असे दाखविले. ऱ्यूम्के व विल्सन यांना १९५४ मध्ये काही वंध्य पुरुषांच्या रक्तात, शुक्राणूंचे पुंजके बनविणारी अशी प्रतिपिंडे आढळली.

हा संघर्ष टाळणारी मुख्य व्यवस्था म्हणजे रक्त-वृषण रोध. मेंदूतील रोध केशवाहिन्यांच्या भित्तीत असतो. येथे तो शुक्रजनक नलिकांतील सेर्तोली कोशिकांमधील घट्ट जोडांमुळे बनतो. या कोशिकांचे वर्णन एन्रीको सेर्तोली यांनी १८६५ मध्ये केले. मूळ जनन-कोशिका जोडांच्या बाहेरील बाजूस, तर परिपक्व होणाऱ्या कोशिका आतील बाजूस असतात. कोशिका आत सरकताना तिच्यामागे नवा जोड तयार होतो व मगच पुढचा सुटतो. गोदीच्या दुहेरी दरवाजांप्रमाणे दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत.

तथापि केवळ भिंत म्हणून या व्यवस्थेकडे पाहणे अपुरे आहे. अधिवृषणाकडे जाणाऱ्या मार्गात रोध दुबळा असतो. शिवाय काही शुक्राणू-प्रतिजने नलिकेबाहेर येतच असतात आणि नियामक लसीका कोशिका त्यांविषयी सहिष्णुता टिकवितात, असे उंदरांवरील २०१७ च्या संशोधनात दिसून आले. वृषणातील महाभक्षी कोशिकाही दाहापेक्षा शमनाकडे झुकलेल्या असतात. या संरक्षणाची किंमतही आहे : पश्चिम आफ्रिकेतील २०१४–१६ च्या इबोला साथीतून बचावलेल्या काही पुरुषांच्या वीर्यात विषाणूचे अंश अनेक महिने आढळले.

इजा वा शोथ यांमुळे रोध भंगल्यास प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात. पुरुष नसबंदीनंतर शुक्राणू शरीरातच शोषले जातात व निम्म्याहून अधिक पुरुषांत प्रतिपिंडे आढळतात. नसबंदी केलेल्या माकडांत रोहिणीविकार वाढल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्याने या शस्त्रक्रियेविषयी बरीच भीती पसरली. परंतु पुढे हजारो पुरुषांच्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही. ही प्रतिपिंडे अडचणीची ठरू शकतात ती नसबंदी उलटवून पुन्हा अपत्य हवे असेल तेव्हा. ती शुक्राणूंना चिकटल्यास त्यांची हालचाल मंदावते. अशा वेळी शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट अंड्यात सोडण्याची, १९९२ पासून रूढ झालेली पद्धत उपयोगी पडते.